वय मोजायचं की पत्रा तपासायचा?

दिल्लीत १ जुलै २०२५ पासून १५ वर्षांवरच्या पेट्रोल आणि १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना पंपावर इंधन द्यायचं नाही, असा हुकूम निघाला आणि काही दिवसांतच गुंडाळला गेला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मालकांवर तूर्त सक्तीची कारवाई नको म्हणून सांगितलं. त्याच महिन्यात २० वर्षांवरच्या मोटारींची नोंदणी नव्याने करायची फी १०,००० रुपये झाली. तेव्हापासून माझ्या पुण्या-कोल्हापूरच्या गाडीवेड्या दोस्तांचा एकच धोशा चालू आहे: "वय कसलं बघता, गाडीची तब्येत बघा. न्यूझीलंडवाले बघतात ना!"

मी ऑकलंडला राहतो आणि २० वर्षं ओलांडलेली सुबारू लेगसी जीटी चालवतो, त्यामुळे दाखला माझाच दिला जातो. पण अर्धाच.

आधी त्यांच्या बाजूचं बोलतो. १९९८ मध्ये आयात शुल्क उठलं आणि इथले गाड्या जोडण्याचे कारखाने बंद पडले. त्याआधीच जपानच्या जुन्या गाड्या जहाजं भरभरून यायला लागल्या होत्या. जपानमध्ये नव्या गाडीची पहिली सरकारी तपासणी तिसऱ्या वर्षी, मग दर दोन वर्षांनी. तिला शाकेन म्हणतात. ती इतकी महाग पडते की तिथला माणूस चांगली गाडी लवकर काढून टाकतो. स्टिअरिंग उजवीकडे, रस्ते आपल्यासारखेच डावीकडून. म्हणून पुण्यात ज्यांची फक्त पोस्टरं पाहिली, त्या गाड्या इथे शेजारच्या पोराच्या दारात उभ्या असतात. भारतात सुबारूने आपल्या नावाने गाडी विकलीच नाही. २००० नंतरच्या दशकात फॉरेस्टर आली, ती शेव्हरोलेचा बिल्ला लावून. निसान जीटी-आर २०१६ मध्ये आली, किंमत दोन कोटींच्या घरात. भारतातल्या गाडीवेड्यांत उरले ते होंडा सिटी व्हीटेकवाले, म्हणजे सिटीच्या त्या जोमदार इंजिनाचे भक्त. कोथरूडच्या माझ्या एका मित्राने तशी २००२ ची जपून ठेवली आहे आणि तिच्यावर कुणी बोट ठेवलेलं त्याला खपत नाही.

आता उरलेला अर्धा दाखला. इथे नव्या गाडीची पहिली काही वर्षं सोडली तर साधारण दरवर्षी गाडी तपासून घ्यावी लागते, आणि २००० सालाआधी नोंदलेली असेल तर बहुतेकदा दर सहा महिन्यांनी. ब्रेक, टायर, सस्पेन्शन, दिवे, सीटबेल्ट. पुष्कळ गाड्यांचा जीव घेतो तो गंज. पत्रा नको तिथे सडलेला दिसला की वेल्डिंग झाल्याशिवाय पासिंग नाही, मग इंजिन कितीही गोड चालू दे. आपल्याकडे खासगी गाडी नवी घेतली की १५ वर्षं पीयूसीपलीकडे तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. नंतर एकदा आरटीओ, हरित कर, आणि पुढची ५ वर्षं मोकळे. म्हणजे जुन्या गाडीवर अन्याय होतो हे खरं, पण आठ वर्षांच्या चकचकीत एसयूव्हीला टकले टायर घालून एक्स्प्रेसवेवर फिरायची मुभा आहे, त्याचं काय? तब्येत बघा म्हणणाऱ्यांनी सगळ्यांचीच तब्येत बघा असं म्हणायला हवं. ते म्हटलं की फोनवर शांतता पसरते.

दुसरी गोष्ट हातांची. इथे मिस्त्रीचा तासाचा दर १०० डॉलरच्या वर आहे, त्यामुळे ऑइल, ब्रेक पॅड, प्लग हे आपले आपण बदलायचे. सुबारूचं इंजिन आडवं झोपलेलं, प्लग दोन्ही बाजूंना चॅसिसला चिकटून. ज्याने ते ठरवलं त्याला एकदा माझ्या जागी उताणं झोपवलं पाहिजे. टर्बोला, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या पंख्याला, ऑइल नेणाऱ्या नळीत एक बारीक जाळी असते, ती तुंबली की टर्बो गेला. ऑइल वेळेवर बदलणं ही तिथे हौस राहत नाही. आणि घरही लाकडाचं. दर काही वर्षांनी रंग, पन्हळी साफ, छपरावरचं शेवाळ घासायचं. आमच्या गाडीवाल्यांच्या गप्पा टर्बोच्या हवेच्या दाबावर सुरू होतात आणि छप्पर धुवायला कुठलं रसायन चांगलं यावर संपतात, कारण शिडी, रंगाचे डबे, जॅक आणि पाने एकाच गॅरेजात असतात.

पुण्यात टर्बोवर तासभर बोलणारा माणूस बॉनेट उघडायचं काम मिस्त्रीवर सोपवतो. मला त्यात दोष दिसत नाही. पार्किंगमध्ये ऑइल सांडलं तर सोसायटीची नोटीस येते, आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरातला कारागीर लेथवर जो भाग नव्याने घडवून देईल तो इथे मला समुद्रापलीकडून मागवावा लागतो. त्या कारागिराला जुन्या गाडीच्या वादात कुणी विचारत नाही, हे मात्र मला खटकतं. वयावर गाड्या भंगारात निघाल्या तर पहिला फटका त्यालाच बसणार.

इथलं सगळं सोन्याचं आहे असं नाही. तपासणीत धूर डोळ्यांनी बघतात, नळकांड्यात यंत्र घालून मोजत नाहीत. ऑकलंडला समुद्राचा वारा आहे म्हणून ते खपतं. दिल्लीच्या हिवाळ्यापुढे माझा दाखला कुचकामी आहे. थर्ड पार्टी विमाही सक्तीचा नाही, हे सांगितलं की मित्रांचा विश्वास बसत नाही. उलट बदल केलेल्या गाड्यांचा प्रश्न इथे नीट सुटलाय. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या निकालाने मूळ रचनेत फेरफार जवळपास बंदच झाले. इथे ठरलेल्या मर्यादेपलीकडचा बदल केला तर अधिकृत तपासनीस गाडी बघतो आणि मान्य असेल तर तिला धातूची पट्टी ठोकून मिळते. २००९ मध्ये रस्त्यावर शर्यती लावणाऱ्यांची गाडी चिरडायचा कायदाही इथे झाला. तेव्हाच्या पोलीसमंत्री ज्युडिथ कॉलिन्स यांना 'क्रशर' हे नाव त्यावरूनच पडलं. म्हणजे इथेही गाडी भंगारात जाऊ शकते, पण चालवणाऱ्याच्या वागण्यापायी.

कोथरूडचा मित्र म्हणतो, "दरवर्षी तपासणी म्हणजे दरवर्षी एजंट." आक्षेप खोटा नाही. इथे सरकारी कचेरीत जावं लागत नाही, परवाना असलेल्या कुठल्याही गॅरेजात काम होतं. पण जो नापास करतो तोच दुरुस्तीचे पैसे घेतो, ही भानगड इथेही आहेच. म्हणून मी फक्त तपासणी करणाऱ्या, दुरुस्ती न करणाऱ्या केंद्रातच जातो. भारतात आता यंत्रावर तपासणारी केंद्रं उभी राहताहेत. त्यांनी दुरुस्तीच्या धंद्यात शिरायचं नाही हा नियम कागदावर आहे, तो काटेकोर पाळा, हे आधी मागा. फी १०,००० आहे की ५,००० हे भांडण नंतर.