शिवाजीनगरचा हातकागद आणि ‘झाडं सोलतात’ असं सांगणारा व्हिडिओ

सोसायट्यांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय: बायका झाडाची साल फळीवर पसरून दगडाने ठेचताहेत. खाली मजकूर, ‘पुण्याचा हातकागद असा बनतो, झाडं सोलून. लग्नपत्रिकेला घेऊ नका!’

ते पुणं नव्हे. ती पद्धत मेक्सिकोतल्या ओटोमी लोकांची; त्या कागदाला आमाते म्हणतात. साल चुन्यात किंवा राखेच्या पाण्यात उकळून तिच्या पट्ट्या आडव्या-उभ्या मांडायच्या आणि ठेचून एकजीव करायच्या. त्यात लगदा नाही, जाळीही नाही.

शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० पासूनची. तिथला मुख्य कच्चा माल म्हणजे कापडाच्या कारखान्यातली सुती कात्रणं. बारीक कापून बीटर नावाच्या यंत्रात पाण्याबरोबर घोटली की धागा सुटतो, पेजेसारखा लगदा होतो. जाळीची चौकट त्यात बुडवून हलकेच हलवत उचलतात. पाणी गळतं, थर उरतो. तो कापडावर उलटवून, दाबून, वाळवतात. कडा ओबडधोबड राहतात त्या यामुळेच.

मात्र ‘शंभर टक्के हाताने’ हेही खरं नाही बरं का. बीटर विजेवरच चालतो. अन् कागदात दिसणाऱ्या फुलांच्या पाकळ्या निव्वळ सजावट.