'जेसीबी लावा, डीएनए काढा': काकांच्या फॉरवर्डला उत्तर

दांडिया बाजारातल्या आमच्या घरच्या ग्रुपवर काकांनी परवा एक फॉरवर्ड टाकला. मजकूर थोडक्यात असा: सामूहिक कबरी उकरायला पुरातत्त्ववाले महिनोन्‌महिने ब्रश घेऊन बसतात, हा निव्वळ वेळकाढूपणा. जेसीबी लावा, हाडं लॅबला पाठवा, डीएनए सगळं सांगतो. अहमदाबादला नाही का सांगितलं? आणि इतक्या वर्षांनी मातीत उरतंच काय?

काका, आधी अहमदाबाद. 12 जून 2025 च्या विमान अपघातात 260 माणसं गेली आणि बहुतेकांची ओळख डीएनएनेच पटली, हे अगदी खरं. पण तिथे प्रवाशांची यादी होती, नमुने द्यायला नातेवाईक लगेच हजर होते आणि मृत्यू कधी, कुठे झाला यावर वाद नव्हता. सामूहिक कबरीत यादी नसते, आणि मारणारे म्हणतात, आम्ही कुणाला मारलंच नाही.

डीएनए सगळं सांगतो? स्रेब्रेनिका घ्या. बोस्नियातल्या या गावाच्या आसपास जुलै 1995 मध्ये आठ हजारांच्या घरात पुरुष आणि मुलं मारली गेली. काही आठवड्यांनी मारेकऱ्यांनी त्याच कबरी यंत्रांनी उपसून प्रेतं दूरच्या खड्ड्यांत नेऊन टाकली. एकाच माणसाची हाडं दोन-तीन खड्ड्यांत निघाली. ती एकाच माणसाची, हे डीएनएने सांगितलं. पण कुठली प्रेतं मुळात कुठल्या खड्ड्यातून आली, हे त्यांच्यासोबत आलेल्या मातीने, काडतुसांच्या पुंगळ्यांनी आणि कोझलुक गावाजवळच्या बाटल्यांच्या कारखान्यातल्या फुटक्या काचांनी सांगितलं. मनगटावरची घड्याळंही होती, हाताच्या हालचालीवर चालणारी, वार-तारीख दाखवणारी. हात थांबला की अशी घड्याळं दीड-दोन दिवसांनी बंद पडतात. ती कोणत्या वारावर, कोणत्या तारखेवर थांबलीत, हे तिथल्या युद्धगुन्ह्यांसाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणापुढे पुरावा म्हणून आलं. बकेटीने उपसलं असतं तर कुठलं घड्याळ कुणाच्या हातातलं, हे कोण सांगणार होतं?

आता जेसीबी. हा प्रयोग होऊन गेलाय. अर्जेंटिनात लष्करी राजवट संपल्यावर 1984 च्या सुरुवातीला त्या राजवटीने मारलेल्यांच्या कबरी बुलडोझरने उकरल्या. हाडं मोडली, एकमेकांत मिसळली, काही हरवली. मग क्लाइड स्नो हे अमेरिकन मानवशास्त्रज्ञ आले, त्यांनी ते थांबवायला सांगितलं आणि विद्यार्थ्यांची एक तुकडी हाताने खणायला शिकवून तयार केली. तीच तुकडी पुढे देशोदेशी बोलावली गेली.

ब्रशची थट्टा मला जरा लागली, कारण मी सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागात शिकले. चराच्या तळाशी सगळी माती सारखीच दिसते. पाण्याचा हलका फवारा मारला की ओल टिकेपर्यंत जुन्या खड्ड्याची कड उमटते: आत काळपट, बाहेर पिवळसर. करणीचा, म्हणजे खणायच्या थापीचा, आवाजही बदलतो, भरावात दबका, न हललेल्या मातीत खरखरीत. सुकली की कड गायब. बोस्नियात अशाच कडांवर लोडरच्या दातांचे ओरखडे आणि चाकांचे माग सापडले. आपली बकेट तिथे घातली की आधीच्या बकेटीची खूण गेलीच.

'मातीत काही उरत नाही' याला उत्तर आपल्याच देशात आहे. पंजाबात अजनाल्याच्या विहिरीतून 2014 मध्ये 1857 च्या शिपायांचे सांगाडे निघाले. 157 वर्षांनी दातांमधून डीएनए मिळाला आणि 2022 मध्ये छापलेल्या अभ्यासानुसार ती माणसं गंगेच्या खोऱ्यातली होती. दुःख एवढंच की विहीर हौशी लोकांनी उत्साहाने घाईघाईत उपसली. हाडं तुटली. कोण कुणाशेजारी पडलं होतं, ते आता कुठल्याच लॅबला सांगता येणार नाही.

शेवटी रडार. फॉरवर्डच्या तळाशी म्हटलंय, 'रडारने हाडं दिसतात, खणायचं कशाला?' जमिनीत लहरी सोडणाऱ्या या यंत्राला खाली कुठे माती हललीय किंवा काही वेगळं आहे, एवढंच कळतं. मग ती कबर असेल, झाडाचं मूळ असेल किंवा जुनी गटाराची पाइपलाइन.

काका, हे उत्तर तुमच्या इतर ग्रुपांवरही टाका. फॉरवर्ड तर टाकलाच होतात.