सात हजार सातशेंचा वाद

नंदूच्या भाच्याने मशिनिस्ट ट्रेडमधून आयटीआय केला आणि आमच्या बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या कट्ट्याला भांडायला विषय मिळाला. पोरापुढे दोन वाटा होत्या. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, एका लहान वर्कशॉपमध्ये सीएनसी, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशीनचा ऑपरेटर, पगार चौदा हजार. नाहीतर एका मोठ्या कारखान्यात वर्षभर अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ. तिथे आयटीआयवाल्याला विद्यावेतन 2019 च्या नियमांत ठरलेलं, किमान 7,700.

“निम्म्या पैशांत राबवून घ्यायचा धंदा आहे,” बंड्याने शेवउसळीत पाव बुडवता बुडवता निकाल दिला. बंड्याचा निकाल खटल्याच्या आधी लागतो. “त्यातही सरकार पाव हिस्सा देतं, दीड हजारापर्यंत. कंपनीला पोरगं फुकटात. वर्ष सरलं की रामराम.”

“फुकटात कसं? उरलेले कोण भरतं, तुझे सासरे?” सुहास म्हणाला. सुहासचं सगळं आयुष्य टूलरूममध्ये, कारखान्याची हत्यारं आणि साचे बनवण्यात गेलंय. “आणि त्या चौदा हजारांत पोरगा करणार काय ते बोल ना. जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, चकच्या जबड्यात धरायचा, दार लावायचं, हिरवं बटण. दार उघडायचं, जॉब काढायचा. प्रोग्रॅम मशीन लावून देणाऱ्या सेटरचा, हत्यार किती सरकवायचं तो ऑफसेटही सेटरचा. पाच वर्षांनी पाहा, बटणाचा रंग उडालेला असेल, हा तिथेच.”

“आणि तुझ्या मोठ्या कारखान्यात काय, टूलरूमच्या किल्ल्या देणारेत?”

इथे मनीषा मध्ये पडली. ती क्वालिटीत आहे, त्यामुळे दोन्हीकडचे रिजेक्ट जॉब तिने पाहिलेत. तिचं म्हणणं, तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घ्यावेच लागतात, अडीच ते पंधरा टक्के. 1961 च्या कायद्यात तो कामगार नव्हे, शिकाऊ. पुढे नोकरी द्यायची की नाही हे कंपनीच्या धोरणावर. “घेणं सक्तीचं आहे रे, पण शिकवण्यावर लक्ष कोण ठेवतं? महिनोन्‌महिने कानस घेऊन कडांची बर, म्हणजे धारदार कुसळं, काढत बसलेली पोरं मी पाहिलीत.”

“पण शिकवणारा भेटला तर?” सुहास आता रंगात आला. “100 मिलिमीटरचा शाफ्ट, फिट स्मॉल एच सिक्स. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, किती? 22 मायक्रॉन, मिलिमीटरचे हजारावे भाग. मोजमापाचं प्रमाण तापमान 20 डिग्री. आता मे महिन्यात कटिंगवरून ताजा उतरलेला जॉब 40 डिग्रीला असला तर पोलाद 23 मायक्रॉन फुगलेलं असतं. म्हणजे अख्खा टॉलरन्स नुसत्या उष्णतेत गेला! मायक्रोमीटरवर माप बरोबर, पोरगा खूश. जॉब गार झाला की अंडरसाइज. वहीत हे सगळ्यांनीच लिहिलेलं असतं. पण ‘थांब, आधी गार होऊ दे’ म्हणून मनगट धरणारा उस्ताद लागतो. फोर-जॉ, म्हणजे चार जबड्यांच्या चकमध्ये डायल लावून जॉब बरोबर मध्यावर आणणंही तसंच.”

“मग असा उस्ताद लहान वर्कशॉपमध्ये नसतो काय?” बंड्या म्हणाला. “तिथे माणसं कमी, सगळंच अंगावर पडतं. माझ्या चुलतभावाने प्रोग्रॅमिंग तिथेच उचललं.”

बंड्या सहसा मुद्द्याचं बोलत नाही, पण हे खरं होतं. शेठ स्वतः लेथवरून वर आलेला असेल तर तो नवख्याला चार महिन्यांत घडवतो. सुहासला उत्तर सुचेना. तेवढ्यात नंदूने सयाजीरावांनी 1890 साली कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढल्याचा विषय आणला. बडोद्यात महाराजांचं नाव निघालं की समजावं, बोलणाऱ्याकडचे मुद्दे संपले.

मला विचाराल तर मी पगार आणि विद्यावेतन यांची वजाबाकी करत बसणार नाही. वर्षाच्या शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय अप्रेंटिस प्रमाणपत्र मिळतं, ते उपयोगाचं खरंच. पण त्याआधी विचारायचं ते हे, की कुठल्या मशीनवर किती महिने ठेवणार, लॉगबुकावर सही कोण करणार, आणि सही करणारा स्वतः मशीनवर उभा राहतो की केबिनमध्ये बसतो. हे न विचारता नुसतं ‘मोठी कंपनी’ म्हणून जाणाऱ्याला मी बंड्याच्याच पंक्तीला बसवीन.

एवढ्यात भाचा स्वतःच आला. नंदूने त्याला सगळं ऐकवलं.

“विचारलं की, मामा. कारखान्यात म्हणाले, आधी साधी लेथ आणि मिलिंग, मग सीएनसी. सही कोण करतं ते त्यांना आत जाऊन विचारून यावं लागलं. पण नाव सांगितलं, आणि शॉपवर नेऊन त्या काकांशी गाठही घालून दिली.”

“आणि वर्कशॉपच्या शेठला विचारलंस, ऑफसेटला हात लावू देणार का म्हणून?” बंड्याने हट्ट सोडला नाही.

“विचारलं. म्हणाले, हात लावलास तर पगार कापीन.”

“अर्धा कापला तर सात हजार,” सुहास म्हणाला. “आमच्यापेक्षा सातशेंनी कमी.”