नमनाला घडाभर तेल

तेलाबद्दल मत नाही असा मराठी माणूस नसतो. खायला घाण्याचं की रिफाइंड, डोक्याला खोबरेल की बदामाचं, शनिवारी मारुतीला वाहायचं ते तिळाचंच हवं की घरात असेल ते चालतं, यावर घराघरांत पक्ष पडलेले असतात. दाराची बिजागरी कुरकुरली की चौघं चार बाटल्या घेऊन धावतात. तेव्हा बोटभर लांबीच्या खेळण्यातल्या गाडीच्या चाकांना काय लावावं, हा प्रश्न आमच्या सोसायटीत गुण्यागोविंदाने सुटणं शक्यच नव्हतं.

गणेशोत्सवात आमच्याकडे लिंबू-चमचा, संगीत खुर्ची, पाककृती हे सगळं असतंच. अलीकडे त्यात डायकास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूच्या, गाड्यांची शर्यत शिरली आहे. हॉट व्हील्स किंवा मॅचबॉक्सची, खऱ्या गाडीच्या साधारण चौसष्टाव्या हिश्श्याची धातूची गाडी आणायची. ती जिन्याच्या लँडिंगवरून पार्किंगपर्यंत सोडलेल्या नारिंगी प्लॅस्टिकच्या पट्टीवर ठेवायची. दोन पट्ट्या शेजारी शेजारी, दोन गाड्या, मध्ये एक फुटपट्टी. फुटपट्टी उचलली की शर्यत सुरू. इंजिन नाही, चावी नाही, ढकलायचं नाही. स्पर्धा मुलांची म्हणून जाहीर होते. मुलं पहिल्या फेरीनंतर लपाछपी खेळायला जातात आणि पट्टीभोवती त्यांचे बाप उरतात.

नियम लिहिले बी विंगमधल्या काकांनी. आयुष्यभर कारखान्यात दर्जातपासणी केलेला माणूस. गाडीचे भाग जोडणारं रिव्हेट उघडायचं नाही, वजन वाढवायचं नाही, चाकं बदलायची नाहीत, गाडी पाकिटातून निघेल तशीच हवी. इथवर सगळं स्वच्छ होतं. पण शेवटी काकांनी दोनच शब्द जास्तीचे लिहिले, ‘वंगण चालेल’. कायदेशीर म्हणून एवढीच एक फट उरली आणि सगळी सोसायटी त्या फटीतून आत शिरली.

फट खरोखरच बारीक असते. या गाडीचा ॲक्सल म्हणजे एक पोलादी तार, दोन्ही टोकांना खिळ्याच्या डोक्यासारखी दाबलेली. चाकाचं भोक त्या तारेपेक्षा किंचित मोठं. घासाघीस होते ती तीन जागी: भोकाच्या आत, बाहेर डोक्यापाशी आणि आत गाडीच्या अंगाला. वर लँडिंगवर सगळ्या गाड्या सारख्याच श्रीमंत असतात, उंचीने दिलेली शक्ती सगळ्यांपाशी असते. खाली येईपर्यंत ती कोण किती उधळतं, एवढाच फरक. त्यातली मोठी उधळपट्टी या तीन जागी होते.

यात हसण्यासारखं काही नाही. अख्ख्या कंपन्या या तारेवरून भांडल्या आहेत. लंडनच्या लेस्नी कंपनीची मॅचबॉक्स 1953 पासून बाजारात होती आणि तिच्या गाड्या दिसायला देखण्या, पण पळायला जाड ॲक्सलच्या. 1968 साली अमेरिकेत मॅटेलच्या इलियट हँडलर यांनी हॉट व्हील्स आणली. त्यांच्याकडे जॅक रायन नावाचे गृहस्थ होते, जे आधी क्षेपणास्त्रांच्या कामावर होते. ॲक्सलला वाद्यांच्या तारेच्या जातीची बारीक पोलादी तार आणि चाकात डेलरिन नावाच्या गुळगुळीत प्लॅस्टिकचं बेअरिंग, एवढ्यावर या गाड्या अशा सुटल्या की लेस्नीला पुढच्याच वर्षी धावपळ करून ‘सुपरफास्ट’ चाकं काढावी लागली. पुढे खर्चाच्या हिशेबात ती बेअरिंगं गेली. आज आपल्या हातात येते ती साधी तार आणि साधं चाक. बाकीचं ज्याने त्याने बघावं.

तर आम्ही बघायला बसलो. पहिला सल्ला घरातूनच आला. आई म्हणाली, “एरंडेल लाव. आजोबांच्या बैलगाडीला लावायचे.” मी म्हणालो की गाडी बैलाची नाही, मस्टँग आहे. “चाक ते चाक,” आई म्हणाली. आणि एरंडेलाला इतिहास आहे, हे मला मान्यच करावं लागतं. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या फिरत्या इंजिनांत एरंडेलच घालत, कारण ते पेट्रोलात विरघळत नाही. इंजिन ते बाहेर उडवायचं, मागे बसलेल्या वैमानिकाच्या नाकातोंडात जायचं आणि बिचारा शत्रूपेक्षा पोटाने जास्त बेजार व्हायचा, असं सांगतात. आईला हे सांगितल्यावर तिचा चेहरा खुलला. “बघ, म्हणजे दोन्ही कामं होतात.”

पण एरंडेल घट्ट. आणि इथेच या खेळातली सगळ्यात अवघड गोष्ट येते, जी कुणाच्याही गळी उतरत नाही: तेलही घासतं. खऱ्या गाडीच्या चाकाला ते जाणवत नाही. इथे चाकाचं वजन ते काय, ग्रॅमभरसुद्धा नाही. त्या एवढ्याशा फटीत घट्ट तेल भरलं की चाकाची निम्मी ताकद ते तेल ढवळण्यातच जाते. शिलाई मशीनचं तेल त्यातल्या त्यात पातळ, म्हणून सौंनी आपली बाटली मोठ्या मनाने पुढे केली. त्याने चाक सुरुवातीला झकास फिरतं. मग तेल ओघळून चाकाच्या बाहेरच्या कडेला येतं, तिथून पट्टीवर उतरतं, पट्टीवरची सगळी धूळ आणि मांडवातला गुलाल गोळा करतं आणि त्याच भोकात परत नेऊन भरतं. शिवाय मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीला तुमच्या तेलाचा प्रसाद मिळतो तो वेगळाच. खोबरेल तर बोलूच नका. ते चोवीस अंशांच्या आसपास गोठतं, आणि भाद्रपदात पुण्याची रात्र तेवढी सहज उतरते. पहिल्या मजल्यावरच्या एका जावईबापूंची गाडी उपांत्य फेरीत लँडिंगवरच ध्यानस्थ बसली. सासूबाई मात्र म्हणत होत्या की नजर लागली.

मग कोरड्या पंथाचे लोक आले. यांचं म्हणणं, पातळ काही नकोच, पावडर हवी. कॅरम मंडळाने बोरिक पावडर आणली. ही सूचना वरवर वाटते तितकी खुळी नाही, बोरिक ॲसिडचे कण एकमेकांवरून खरंच छान घसरतात. अडचण एवढीच की तीच पावडर आमच्या घरी कणकेत मळून झुरळांसाठी सिंकखाली ठेवलेली असते. ती स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर गाडीला लावू लागल्यावर गृहखात्याने काम बंद पाडलं. टेफ्लॉनचं नाव काढताच तर सौंनी नॉनस्टिक तवा उचलून आतल्या खोलीत नेला. तो खरवडायचा माझा बेत नव्हता. टेफ्लॉनची बारीक भुकटी वेगळी मिळते. पण संशय घ्यायला जागा होती हे खरं, कारण चिरंजीव हातात पॉलिश पेपर घेऊन माझ्या मागे उभे होते.

सी विंगमधल्या आयटीवाल्या तरुणाने भलतीच गोष्ट काढली. हा माणूस स्वतःच्या कीबोर्डचं एकेक बटण उघडून त्याला तेल लावतो आणि ते लावल्यावर आवाज कसा ‘थॉक’ येतो हे लिफ्टमध्ये समजावतो. क्रायटॉक्स नावाचं ते तेल. अंतराळयानात वापरतात त्या जातीचं, प्लॅस्टिकला न खाणारं. किंमत विचारल्यावर केशर स्वस्त वाटतं. चाकाला त्याचा सुईच्या टोकाएवढा थेंब पुरतो. तो थेंब लावताना तो श्वास रोखतो, आणि त्याचे वडील बाजूला उभे राहून म्हणतात, “एवढी काळजी आमच्या गुडघ्यांची घे.”

मी ग्राफाइटवाला. तात्त्विक कारणासाठी नव्हे, पुण्यातल्या बोहरी आळीत, म्हणजे हार्डवेअरच्या बाजारात, जायला मला निमित्त लागतं म्हणून. पेन्सिल घासूनही ग्राफाइट निघतं, पण पेन्सिलीत चिकणमाती मिसळलेली असते आणि माती ॲक्सलला खरवडते. म्हणून शुद्ध भुकटी हवी. दुकानदाराने विचारलं, “किती?” मी म्हणालो, “अर्धा चमचा.” त्याने माझ्याकडे न बघता पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली. शेवटी पाव किलोवर तोडगा निघाला. अर्ध्या चमच्यात सोसायटीच्या सगळ्या गाड्या होतात, म्हणजे पाव किलोत बहुधा पुणे जिल्हा होईल.

ग्राफाइटच्या कार्बनचे थर पत्त्यांच्या कॅटसारखे एकमेकांवरून सरकतात. पण त्यासाठी हवेत थोडी ओल लागते, हे मला फार आवडलं. दुसऱ्या महायुद्धात विमानं फार उंच उडायला लागली तेव्हा त्यांच्या जनरेटरमधले कार्बनचे ब्रश भराभर झिजून भुकटी व्हायला लागले, कारण तिथल्या कोरड्या हवेत त्यांचा गुळगुळीतपणाच संपायचा. आमच्या पार्किंगमध्ये हा धोका नाही. गणपतीत तिथे ग्राफाइटच काय, सतरंज्याही ओल्या असतात.

लावायची रीत अशी. गाडी उलटी धरायची. आधी सर्जिकल स्पिरिटचा थेंब फटीत सोडून कारखान्यातली घाण काढायची. मग स्पिरिटमध्येच चिमूटभर ग्राफाइट कालवून ते सिरिंजने सोडायचं. स्पिरिट उडून जातं, काळा लेप मागे राहतो. इन्शुलिनची सुई यात लगेच तुंबते, जाड सुई लागते. औषधाच्या दुकानात जाड सुई मागितल्यावर मुलीने आपुलकीने विचारलं, “पेशंट कोण आहे?” चिरंजीव म्हणाले, “मस्टँग.” तिने सुई दिली, पण सुट्टे पैसे जरा लांबून ठेवले.

लेप वाळला की चाक बोटाने फिरवत राहायचं, म्हणजे ग्राफाइट भोकात आणि डोक्यामागे घोटलं जातं. केसांच्या ड्रायरने थंड वारा मारला तर बोट वाचतं. आता बघण्यासारखी गोष्ट येते. कोरडं चाक खरखर करत फिरतं आणि एकदम अडतं. नीट घोटलेलं चाक बिनआवाजी फिरतं, मंदावतं, थांबतं आणि मग हळूच थोडं उलट येतं, पुन्हा किंचित पुढे, पुन्हा मागे. चाकाची जी बाजू केसभर जड असते ती खाली येऊन स्थिरावू पाहते. घर्षण जास्त असेल तर तिला तेवढं स्वातंत्र्यच मिळत नाही. चाक असं डोललं की समजायचं, झालं. मी हे सौंना बोलावून दाखवलं. त्यांनी चाक पाहिलं, माझे हात पाहिले, पांढरा सदरा पाहिला आणि फ्रीजच्या दारावरची पाच काळी बोटं पाहिली. चाकाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

शर्यतीच्या दिवशी बी विंगच्या काकांनी तपासणी मांडली. स्वयंपाकघरातला वजनकाटा, भिंग आणि कापसाचे बोळे. प्रत्येक चाकाची कड कापसाने पुसायची. कापसाला तेल लागलं तर गाडी बाद. ग्राफाइट लागलं तर काय, हे नियमात नव्हतं. त्यावर आरतीची वेळ टळेपर्यंत चर्चा झाली. ग्राफाइट हे तेल की तेल नव्हे? एका आजोबांनी मत दिलं की ते उपासाला चालेल. आयटीवाल्याचा कापूस पांढराशुभ्र निघाला, तेव्हा काकांना जास्तच संशय आला.

जिंकला तोच. माझी मस्टँग अंतिम फेरीत गाडीच्या नाकाएवढ्या अंतराने मागे राहिली. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये पुन्हा पुन्हा पाहिलं, नाक तेवढंच राहिलं. पट्टी मात्र माझ्या बाजूची काळी झालेली, त्यावरून लेखी हरकत आली. मग कमिटीने ठरवलं की पुढच्या वर्षी सगळ्यांना एकच वंगण कमिटीच देईल. कोणतं, हे ठरवायला सभा बोलावली. त्या सभेत एरंडाचं गुऱ्हाळ म्हणतात ते मी प्रत्यक्ष चालताना पाहिलं. आई प्रेक्षकांत बसून खऱ्या एरंडेलाच्या बाजूने बोलत होती.

माझ्याकडे अजून जवळजवळ पाव किलो ग्राफाइट आहे. कुलपाला मात्र ते रामबाण असतं, हे कळल्यावर सोसायटी माझ्याकडे गोड बोलू लागली. मी गंजलेली कुलपं, सायकलींची लॉकं, देवघराच्या पेटीची किल्ली असं सगळं मोकळं करून दिलं. फक्त खालच्या मजल्यावरचे काका परवा तक्रार घेऊन आले. त्यांच्या दाराचं कुलूप आता अजिबात वाजत नाही.

“चांगलंच की,” मी म्हणालो.

“चांगलं कसलं? पूर्वी ही देवळातून आली की किल्ली दोन मिनिटं खडखडायची. तेवढ्यात पेढ्यांचा डबा जागेवर जायचा. आता दार उघडतं तेव्हा पेढा तोंडात असतो. डॉक्टरांपर्यंत गेलंय प्रकरण.” मग ते जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, “गंज चढवायचं काही मिळतं का हो बोहरी आळीत?”