फ्रॉड कुठला!

आमच्या आईकडे पूर्वी लबाडांच्या रीतसर पायऱ्या होत्या. दुधात पाणी घालणारा गवळी लबाड, उसनी साखर विसरणारी शेजारीण बेरकी, लग्नात गोड बोलून मानपान वसूल करणारे व्याही बिलंदर आणि भिशीचे पैसे घेऊन परागंदा झालेला तो चारशेवीस. आता सगळे एकाच पायरीवर. फ्रॉड!

चारशेवीसचा काटा तसा सरकारनेच काढला म्हणा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि फसवणुकीचं कलम ३१८ वर गेलं. आता कुणाला ‘अरे तीनशे अठरा!’ म्हणून बघा. बसचा नंबर सांगितल्यासारखं वाटतं.

त्यात आमच्या सोसायटीत सायबर फसवणुकीवर व्याख्यान झालं. डिजिटल अरेस्ट असा प्रकार कायद्यातच नाही, ओटीपी कुणालाही सांगू नका, फसलात तर ताबडतोब १९३० ला फोन करा. आईने हे सगळं दिनदर्शिकेच्या मागे लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून अंमलबजावणी सुरू केली.

पहिला बळी कुरिअरवाला. तिच्याच गुडघ्याचा पट्टा घेऊन दारात उभा.

“आजी, ओटीपी सांगा, त्याशिवाय पार्सल देता येत नाही.”

“आणि सांगितल्यावर पेन्शन गेली, तर ती तू देणार का?”

पट्टा आला तसा परत गेला. आई लंगडत आत आली, पण विजयी मुद्रेने.

मग बँकेचा फोन. मुदत ठेवीची मुदत संपत आली होती. तो बिचारा सांगतोय, आजी, नंबर १६०० ने सुरू होतोय बघा, बँकांना तीच मालिका दिलीय. आई म्हणाली, “एवढं सगळं पाठ करून आलायस म्हणजे सराईतच दिसतोस.”

हापूसवाल्याने तर हातच टेकले. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय हे तिला ठाऊक. वरचा थर देवगड आणि खाली कर्नाटक, हेही ठाऊक. तो आईची शपथ घ्यायला लागला, तर म्हणे, “शपथ नको, ओटीपी दाखव.”

माझी पाळी परवा आली. मोबाइलची बॅटरी संपली म्हणून ऑफिसातल्या मित्राच्या फोनवरून घरी फोन लावला.

“आई, मी बोलतोय. आज उशीर होईल.”

“आवाज हुबेहूब काढलायस रे मेल्या. एआय ना?”

“अगं आई, मीच!”

“बरं, मग सांग. आपल्या कुकरची शिटी कुणी हरवली होती?”

आली का पंचाईत! शिटी हरवली बाबांनी. मी डोळ्यांनी पाहिलंय. पण आमच्या घरच्या दफ्तरी ती माझ्या नावावर लागलेली आहे आणि बाबांनी तेव्हापासून त्याबद्दल चकार शब्द काढलेला नाही. मी बाणेदारपणे खरं उत्तर दिलं.

“फ्रॉड!” म्हणून आईने फोन आपटला.

रात्री घरी पोचलो तर सोसायटीच्या ग्रुपवर मित्राचा नंबर झळकत होता. ‘मुलगा असल्याची बतावणी करून घरची माहिती काढतो, सर्वांनी सावध राहावे.’ खाली अंगठ्यांची रांग. पहिला अंगठा बाबांचा.