मुदतीआधी घर सोडले म्हणून दलालाला पुन्हा दलाली? असा कायदा नाही

गेल्या आठवड्यात भाचीचा फोन आला. ती मूळची साक्री तालुक्यातली, जळगावात एका खासगी रुग्णालयात परिचारिका. नंदुरबारला सरकारी नेमणूक मिळाल्यामुळे अकरा महिन्यांच्या करारातील पाचव्याच महिन्यात तिला महाबळ भागातील भाड्याचे घर सोडावे लागत आहे. नेमणुकीचा आनंद सांगायचा सोडून तिने व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा एक संदेश मला वाचून दाखवला आणि रडवेल्या आवाजात विचारले, “मामा, आते काय करू?” पुढच्या दोन दिवसांत तोच संदेश मला धुळे आणि भुसावळच्या परिचितांकडूनही आला, तेव्हा त्याला लेखी उत्तर देणे भाग आहे असे वाटले.

‘भाडेकरूंनो, सावधान’ अशा मथळ्याच्या त्या संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: मुदतीआधी घर सोडणाऱ्याने एजंटाला एका महिन्याचे भाडे ‘एक्झिट कमिशन’ म्हणून द्यावेच लागते आणि ते डिपॉझिटमधून कापले जाते, हा महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा, नियम आहे, ती रक्कम मिळेपर्यंत भाडेकरूचे मूळ कागद अडवून ठेवण्याचा हक्क एजंटाला करार कायद्याच्या कलम २२१ ने दिला आहे, उरलेल्या महिन्यांचे भाडे दुपटीने भरावे लागते, अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नसल्याने भाडेकरूची बाजू कोर्टात टिकत नाही, आणि पैसे न देता निघून गेल्यास फसवणुकीचा गुन्हा दाखल होतो.

सर्वांत आधी त्या ‘एक्झिट कमिशन’विषयी. दलाल हा भाडेकराराचा पक्ष नसतो. करार घरमालक आणि भाडेकरू यांच्यात होतो. दलालाने फार तर साक्षीदार म्हणून सही केलेली असते. त्याचे काम घर दाखवणे, दोघांची गाठ घालून देणे आणि करार घडवून आणणे एवढेच असते, आणि भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २१९ नुसार वेगळे काही ठरलेले नसेल तर मध्यस्थाचा मोबदला त्याचे काम पूर्ण झाल्यावर देय होतो. भाचीने घरात पाऊल टाकण्यापूर्वीच एका महिन्याचे भाडे, म्हणजे ७,५०० रुपये, दलाली म्हणून मोजले होते. त्या कामाचा हिशेब त्याच दिवशी पूर्ण झाला. ती घर सोडते आहे या घटनेत दलालाने कोणते काम केले, की ज्याचा मोबदला त्याला पुन्हा मिळावा? उद्या मालकाने नवा भाडेकरू शोधायला सांगितले, तर त्या कामाची दलाली सांगणारा देईल आणि नवा भाडेकरू देईल. एक महिन्याचे भाडे घेणे ही आपल्याकडची रीत आहे, आणि तिच्या जोरावर कोणालाही दुसऱ्यांदा वसुली करता येत नाही. शिवाय डिपॉझिट मालकाकडे असते. त्यातून तिसऱ्या माणसाची रक्कम परस्पर कापण्याचा अधिकार भाडेकरूने लिहून दिल्याशिवाय मालकालाही नाही.

येथे एक गोष्ट मान्य करावी लागते. घर घेताना घाईघाईने दलालाच्या छापील कागदावर सही केली असेल आणि त्यात ‘लवकर सोडल्यास अमुक रक्कम’ असे लिहिलेले असेल, तर तो स्वतंत्र करार ठरू शकतो आणि त्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. तसेच मालकाशी झालेल्या करारात लॉक-इनची मुदत, म्हणजे ज्या काळात घर सोडता येत नाही अशी मुदत, असेल, किंवा घर पुन्हा भाड्याने देण्याचा खर्च भाडेकरूने सोसावा असे कलम असेल, तर मालक तशी मागणी करू शकतो. परंतु कलमात आकडा लिहिला म्हणजे तो आपोआप वसूल होतो, हा समज चुकीचा आहे. करार अधिनियमाचे कलम ७४ सांगते की करारभंगासाठी रक्कम नमूद केलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि नमूद रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास या खटल्यात हे कलम तपशीलवार उलगडले. दिल्लीतील एका बंगल्याच्या त्या सौद्यात विक्रेत्याला २५,००० रुपये मिळाले होते आणि सौदा मोडल्यास ते जप्त करण्याचे करारात लिहिलेही होते. न्यायालयाने इसाऱ्याचे १,००० रुपये त्याला ठेवू दिले. उरलेले २४,००० रुपये मात्र केवळ त्या कलमाच्या जोरावर, नुकसान दाखवल्याशिवाय, जप्त करता येणार नाहीत असे ठरवले. साठ वर्षांहून जुना हा निकाल आजही आधारभूत मानला जातो. ज्या घरात पंधरा दिवसांत दुसरा भाडेकरू येतो, तेथे सहा महिन्यांचे नुकसान मालक कसे दाखवणार? आणि दलालाचे तर काहीच बुडालेले नसते.

सर्वांत घातक मुद्दा मूळ कागदांचा आहे, कारण त्यात सत्याचा अंश आहे आणि म्हणूनच शिकलेली माणसेही त्याला घाबरतात. कलम २२१ खरोखर अस्तित्वात आहे. मालाच्या व्यवहारात अडत्याने ज्याच्यासाठी काम केले त्याचा माल किंवा कागद त्याच्या ताब्यात असेल, तर त्याच मालासंबंधीचे कमिशन किंवा खर्च मिळेपर्यंत तो राखून ठेवण्याची मुभा हे कलम देते. जळगावच्या बाजार समितीत धान्याचा व्यवहार करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. पण ही मुभा देय असलेल्या रकमेपुरती आणि त्या वस्तूशी निगडित कामापुरतीच आहे. भाचीचे परिचर्या पदविकेचे मूळ प्रमाणपत्र ‘पोलिसांकडे माहिती द्यायची आहे’ असे सांगून दलालाने ठेवून घेतले होते. त्या प्रमाणपत्राशी दलालीचा संबंध नाही आणि दलाली तर आधीच चुकती झालेली आहे. भाडेकरूची माहिती पोलिसांना देण्यासाठी ओळखपत्राची छायाप्रत पुरते. नोकरीवर हजर होण्याच्या आठवड्यात एका मुलीचे प्रमाणपत्र अडवून ठेवणे ही खंडणीची रीत आहे, आणि तिला कायद्याचे कलम चिकटवून गावोगाव पाठवणाऱ्यांविषयी मला चीड आहे. मूळ कागद दलालाच्या हाती देऊच नयेत. दिले असतील तर लेखी मागावेत, त्या पत्राची पोच घ्यावी आणि तरीही न मिळाल्यास पोलीस ठाण्यात अर्ज द्यावा.

महारेराचा उल्लेख निव्वळ वजन वाढवण्यासाठी केलेला दिसतो. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यात ‘एजंट’ची व्याख्या भूखंड, सदनिका किंवा इमारत यांच्या विक्रीच्या व्यवहाराशी बांधलेली आहे. भाड्याची दलाली त्यात येतच नाही, मग तिचा दर तो कायदा कोठून ठरवणार?

दुप्पट भाड्याची गोष्ट कोठून आली असावी, हे मात्र कळते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ मध्ये दुप्पट रकमेची तरतूद आहे, पण ती लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक काळ घर वापरण्याच्या परवान्याची, मुदत संपल्यावरही जागा न सोडणाऱ्यासाठी आहे. घर अडवून बसणाऱ्यासाठीचे कलम घर वेळेआधी मोकळे करून देणाऱ्याच्या माथी मारले गेले आहे.

अकरा महिन्यांचा समजही तितकाच उलटा आहे. एक वर्षापर्यंतच्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नाही, या जुन्या नोंदणी कायद्यातील तरतुदीवरून तो रूढ झाला. महाराष्ट्रात मात्र त्याच १९९९ च्या अधिनियमाच्या कलम ५५ नुसार मुदत कितीही असली तरी करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

फसवणुकीच्या गुन्ह्यासाठी सुरुवातीपासून फसवण्याचा हेतू असावा लागतो. नेमणूक मिळाली म्हणून, आधी कळवून, किल्ली हातात देऊन जाणाऱ्याचा वाद दिवाणी असतो. उलट दलालाने पैसे घेऊन सेवेत अशी अडवणूक केली, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तेथे शुल्क नाही, आणि प्राथमिक मार्गदर्शनासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

भाचीच्या करारात लॉक-इन नव्हते, एका महिन्याच्या पूर्वसूचनेची अट होती, आणि तिच्या हाती दहाच दिवस होते. मी तिला सूचना, घर सोडण्याची तारीख, वीजबिलाची पावती आणि डिपॉझिट परतीची मागणी एवढेच असलेले पत्र थेट मालकाला द्यायला सांगितले. दलालाचा त्यात उल्लेख नव्हता. मालकाने सूचनेच्या महिन्याचे ७,५०० रुपये कापून २०,००० पैकी १२,५०० रुपये परत करण्याचे मान्य केले, आणि ती कपात अटीनुसार असल्याने आम्ही ती स्वीकारली. प्रमाणपत्र अजून दलालाकडेच आहे. त्यासाठीचे पत्र पोचपावतीसह काल टपालात टाकले असून सोमवारपर्यंत प्रमाणपत्र हाती आले नाही, तर मी स्वतः भाचीबरोबर पोलीस ठाण्यात जाणार आहे.