चांगल्या संघामुळे मोठा दिसलेला बचावपटू? जेरेमी मॅकगव्हर्नविषयीच्या एका समजाचा प्रतिवाद

पर्थच्या वेस्ट कोस्ट ईगल्स संघाने 2018 साली ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे अजिंक्यपद जिंकले आणि चारच वर्षांत तो गुणतक्त्याच्या तळाशी गेला. 2022 मध्ये 22 सामन्यांत 2 विजय, 2023 मध्ये 23 सामन्यांत 3, 2024 मध्ये 5 आणि 2025 मध्ये केवळ 1. संघ असा कोसळू लागला की चाहते दोषी शोधू लागतात, आणि त्यात बचावपटू सर्वांत आधी सापडतो, कारण प्रतिस्पर्ध्याचा गोल होतो तेव्हा जवळ उभा असलेला माणूस तोच असतो. ईगल्सचा बचावपटू जेरेमी मॅकगव्हर्न याच्या बाबतीत या पडझडीच्या काळात एक विधान इतके पसरले, की ते वादापलीकडचे सत्य असल्यासारखे आजही सांगितले जाते. त्याचा आशय असा: मॅकगव्हर्न बलाढ्य संघाच्या आधाराने मोठा दिसला, संघ दुबळा होताच त्याचा फॉर्म गेला, तो आपल्या वाट्याचा खेळाडू मोकळा सोडतो, त्याने हवेत झेललेल्या चेंडूंची संख्या (या खेळात किकचा चेंडू हवेत झेलला की तो झेलणाऱ्याचा होतो आणि त्याला विनाअडथळा किक मारता येते) फसवी आहे, कारण दुबळ्या संघाच्या बचावफळीकडे चेंडू सारखाच येत राहतो, आणि शेवटी शेवटी तो केवळ नावावर खेळत होता. यातला प्रत्येक मुद्दा मला चुकीचा वाटतो, पण सगळे सारखेच चुकीचे नाहीत.

पहिल्या मुद्द्यात थोडे तथ्य आहे, ते आधीच मान्य करतो. मॅकगव्हर्नने पदार्पण केले 2014 साली, आणि तो नावारूपाला आला 2015 मध्ये. त्या हंगामाच्या तोंडावर एरिक मॅकेन्झी आणि पहिल्याच फेरीत मिच ब्राउन हे दोन उंच बचावपटू गुडघ्याच्या दुखापतींनी बाहेर गेले, तेव्हा वेस्ट कोस्टने माणसामागे माणूस लावण्याऐवजी जागा राखणारा बचाव उभा केला. त्या बचावाला लोक जाळे म्हणू लागले आणि मॅकगव्हर्न त्या जाळ्याच्या मध्यभागी होता. पुढच्या फळीतले आणि मधले खेळाडू किक मारणाऱ्यावर इतका दाब आणत, की चेंडू घाईने, उंच आणि तरंगत मागे येई, आणि तो झेलायला मॅकगव्हर्न आधीच पोचलेला असे. या व्यवस्थेचा त्याला फायदा झाला, यात वाद नाही. पण व्यवस्थेचा फायदा होणे वेगळे आणि व्यवस्थेमुळेच खेळाडू असणे वेगळे. या दोहोंतला फरक व्यवस्था मोडल्यावरच कळतो.

ती मोडली, आणि पुरती मोडली. 2023 च्या अखेरीस ल्यूक शुई, शॅनन हर्न आणि निक नायटानुई हे तिघेही निवृत्त झाले. शुई 2018 च्या अंतिम सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू ठरला होता; हर्न हा मागून चेंडू बाहेर काढणारा सर्वांत भरवशाचा पाय होता; नायटानुई मध्यावरच्या उडीत चेंडू मिळवून देणारा होता. म्हणजे 2024 मध्ये मॅकगव्हर्नच्या पुढे दाब आणणारी फळी नव्हती आणि शेजारी हर्नही नव्हता. त्याच वर्षी तो ऑल-ऑस्ट्रेलियन संघात निवडला गेला. 18 क्लबांमधून वर्षाकाठी 22 खेळाडूंची ही निवड होते. 2016 ते 2019 अशी सलग चार वर्षे त्याला हा मान मिळाला होता, आणि पाचव्यांदा तो मिळाला तो पाच सामने जिंकणाऱ्या संघातून. त्याच हंगामात क्लबच्या सर्वोत्तम खेळाडूला दिले जाणारे जॉन वॉर्सफोल्ड पदकही त्यालाच मिळाले. संघाची सावली हटल्यावर खेळाडू खुजा दिसायला हवा होता. तसे झाले नाही.

आता झेललेल्या चेंडूंच्या संख्येचा मुद्दा, कारण सगळ्यांत पटण्यासारखा आणि म्हणूनच सगळ्यांत घातक तोच आहे. चेंडू जास्त वेळा आला म्हणजे झेलही जास्त मिळणार, हे गणित ऐकायला सरळ वाटते. पण ते गणित चेंडू कसा आला हे विचारतच नाही. दाबाखाली मारलेली किक उंच जाते, हवेत रेंगाळते, आणि बचावपटूला वीस पावले धावून यायला वेळ देते. दाब नसेल तर किक मारणारा मान वर करतो, आपल्या आघाडीच्या खेळाडूची धाव पाहतो आणि चेंडू त्याच्या छातीवर सपाट, वेगाने पोचवतो. तसा चेंडू मध्ये शिरून झेलणे कितीतरी अवघड असते. दुबळ्या संघाच्या बचावपटूकडे चेंडू अधिक येतो हे खरे, पण तो बहुतांशी या दुसऱ्या जातीचा असतो. तेव्हा त्या परिस्थितीत मिळालेल्या झेलाची किंमत कमी धरण्याऐवजी अधिक धरायला हवी.

शिवाय नियमही बचावपटूच्या बाजूने राहिलेले नाहीत. 2019 पासून मध्यावर चेंडू टाकताना प्रत्येक संघाला सहा खेळाडू मागे, सहा मध्ये आणि सहा पुढे ठेवावे लागतात. पूर्वी करत तसे एक-दोन माणसे आधीच मागे सरकवून ठेवता येत नाहीत. 2021 पासून झेल घेणाऱ्यासमोर मार्कवर, म्हणजे झेल झाला त्या जागी, उभ्या राहिलेल्या खेळाडूला जागचे हलता येत नाही, हलला तर शिक्षा म्हणून चेंडू 50 मीटर पुढे नेला जातो, त्यामुळे किक मारणाऱ्याला कोन मोकळे मिळतात. मधली फळी हरणाऱ्या संघासाठी याचा अर्थ फार कठोर आहे. प्रत्येक गोलानंतर चेंडू पुन्हा मध्यावर जातो, तिथून पुन्हा प्रतिस्पर्ध्याच्या हाती लागतो, आणि काही सेकंदांत बचावपटू पुन्हा एकास एक उभा असतो. 24 जून 2023 रोजी सिडनीने वेस्ट कोस्टवर 31 गोल (प्रत्येकी 6 गुण) आणि 19 बिहाइंड (गोलखांबांच्या बाजूने गेलेले, प्रत्येकी 1 गुणाचे फटके) केले, 205 विरुद्ध 34, फरक 171 गुणांचा. असा निकाल पाहून मागच्या सहा जणांकडे बोट दाखवणे म्हणजे धरण फुटल्यावर शेवटच्या गावातल्या बांधाला दोष देणे.

कबड्डी पाहिलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. कोपऱ्यातल्या गड्याने चढाईपटूचा घोटा धरला आणि मधल्या गड्यांची झडप उशिरा पडली, तर गुण चढाईपटूचा जातो आणि मैदानाबाहेर कोपऱ्यातला गडी बसतो. पकड त्याची चुकली नव्हती, तरी नोंद त्याच्या नावावर होते.

आपला खेळाडू मोकळा सोडतो, हा आक्षेप त्याच्या कामाचे स्वरूपच न समजल्यामुळे येतो. बचावफळीत एक जण चिकटून राहणारा असतो. वेस्ट कोस्टमध्ये हे काम टॉम बॅरसने वर्षानुवर्षे केले, आणि 2022 मध्ये, संघाने दोनच सामने जिंकले त्या वर्षी, क्लबचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. दुसऱ्याने मात्र सुटून चेंडूकडे जायचे असते. मी पर्थच्या मैदानावर गोलखांबांच्या मागच्या रांगांतून मॅकगव्हर्नला अनेकदा नुसते त्याच्यावर नजर ठेवून पाहिले आहे, चेंडू दुसऱ्या टोकाला असतानासुद्धा. प्रतिस्पर्ध्याच्या कमरेला उलटा हात लावून तो उभा असतो, म्हणजे न पाहताही तो कुठे आहे हे कळते. नजर मात्र किक मारणाऱ्याच्या खांद्यावर. खांदा वळला की हात सुटतो आणि तो तिरपी तीन-चार पावले टाकतो, चेंडू अजून पायाला लागायचा असतो. ही पावले कधीकधी चुकतात. चुकली की मागे सोडलेला खेळाडू मोकळा गोल मारतो, आणि तेवढेच दृश्य रात्री पुन्हा पुन्हा दाखवले जाते. पण ती पावले न टाकणारा मॅकगव्हर्न संघाला नकोच होता. 2018 च्या अंतिम सामन्यात, शेवटच्या काही मिनिटांत प्रतिस्पर्धी कॉलिंगवूड पुढे असताना, त्याने स्वतःच्या गोलसमोर असाच मध्ये शिरून चेंडू झेलला. तिथून चेंडू नेथन वार्डीकडे, वार्डीकडून उडी घेणाऱ्या लियम रायनकडे आणि रायनकडून सीमारेषेलगत डॉम शीडकडे गेला. शीडच्या त्या गोलाने सामना फिरला आणि वेस्ट कोस्ट 79-74 असे जिंकले. त्या दिवशी मॅकगव्हर्न आधीच्या आठवड्यात मार खाल्लेल्या बरगड्या घेऊन खेळत होता. आपल्या माणसाला चिकटून राहण्याचा हट्ट धरला असता, तर ती साखळी सुरूच झाली नसती.

राहिला नावावर खेळण्याचा मुद्दा. पडझडीच्या पहिल्या दोन वर्षांत दुखापतींनी त्याला बराच काळ बाहेर ठेवले, आणि परतल्यावरचे काही सामने त्याच्या लौकिकाला शोभणारे नव्हते. एवढे मी टीकाकारांना देतो. मात्र न खेळलेला काळ आणि वाईट खेळलेला काळ यांची सरमिसळ करून ‘फॉर्म गेला’ असा एकच शिक्का मारणे मला अन्यायाचे वाटते. शरीर दुरुस्त झाल्यावर पहिल्या पूर्ण हंगामात त्याने काय केले ते वर आलेच आहे. पुढे 2024 नंतर बॅरस हॉथॉर्न क्लबकडे गेला, आणि 2025 मध्ये मॅकगव्हर्नची कारकीर्द दोनशे सामन्यांच्या थोडी अलीकडे थांबली. तिला थांबवले ते डोक्याला बसलेल्या मारांनी आणि त्यावर तज्ज्ञ वैद्यकीय मंडळाने दिलेल्या सल्ल्याने. फॉर्म गेला म्हणून संघातून वगळल्यामुळे ती थांबली नव्हती.